पूर्ण किमतीचा खेळ

"पाच हजार रुपये? रणगाड्यांच्या एका खेळाला?" आमटी वाढता वाढता मालविका थांबली. "अहो, नव्याचे नऊ दिवस. दिवाळीत तोच निम्म्याला मिळेल."

"दिवाळीपर्यंत कोण थांबणार?" देवेंद्र म्हणाला.

खेळणार कोण, हे तिने विचारलं नाही. विचारलं असतं, तर त्याला उत्तर देता आलं नसतं. हालोल रस्त्यावरच्या अपघातात क्षितिज गेला, त्याला आता वर्ष होत आलं होतं. एकुलता एक मुलगा.

ताटं आवरून मालविकाने पायांत चपला सरकवल्या. ती रोज संध्याकाळी लवकर जेवून घडियाळी पोळ या बडोद्यातल्या जुन्या वस्तीत बहिणीकडे जायची. मंदाकिनीचा मुलगा कुशल आपलं खेळायचं मशीनसुद्धा मागे ठेवून कॅनडाला गेल्यापासून त्या बहिणीला घर खायला उठत होतं. बहिणी बहिणी बोलत बसत असतील, असं देवेंद्र धरून चालला होता. त्याला ते सोयीचंच होतं. तिची पाठ वळली की तो क्षितिजच्या खोलीत शिरून दार लावून घ्यायचा.

मुलगा गेल्यावर देवेंद्र माणसात राहिला नव्हता. कचेरी सुटली, दाढी वाढली, जेवण नावापुरतं. एका संध्याकाळी त्याने क्षितिजचं खेळायचं मशीन सुरू केलं. खेळायला नव्हे. त्याचा निळा दिवा लागलेला बघायचा होता, एवढंच.

पडद्यावर निरोप आला. "क्षितिज, मी अनुज. जुनं खातं बंद पडलं, म्हणून हे नवीन उघडलंय. कुठे होतास इतके दिवस?"

अनुज सांगलीचा. दोघं कधी भेटले नव्हते, सगळी दोस्ती खेळातली. पण क्षितिज जेवताना त्याच्या गमती सांगायचा, तेव्हा नाव घरात माहितीचं होतं. बडोद्यातले मित्र बेसण्याला, म्हणजे इकडच्या रीतीच्या शोकसभेला, येऊन गेले होते. सांगलीपर्यंत बातमी गेलेली दिसत नव्हती. आता सांगायलाच हवं होतं. देवेंद्रने लिहिलं, "आजारी होतो."

झालं. एक खोटं घरात घेतलं की ते आपलं सगळं गणगोत घेऊन येतं. घसा बसलाय, बोलता येत नाही, असं देवेंद्रने कळवलं. अनुजचाही माइक नेमका बिघडलेला होता. मग दोघं लिहूनच बोलू लागले. देवेंद्र रणगाडा चालवायचा तो आपली जुनी स्कूटर चालवल्यासारखा, वाटेत येईल त्याला धडकत. आजारपणात हात गेला, हे त्याचं कारण. अनुजही काही फार बरा खेळत नव्हता. तो म्हणे परीक्षेमुळे सराव मोडला. खेळ सुरू होतो न होतो तोच दोघंही शेजारी शेजारी मरून पडत आणि पुन्हा उठत.

मरून पुन्हा उठता येतं, हीच तर त्या खेळातली गोष्ट देवेंद्रला सोडवत नव्हती.

अनुज रोज खेळाआधी विचारायचा, "जेवलास का?" एवढ्यासाठी कशाला खोटं बोला, म्हणून देवेंद्र जेवून बसू लागला. मग दाढी करू लागला, कचेरीत जाऊ लागला. सांगलीकडची मुलं मोठी मायाळू, असं त्याचं मत झालं होतं.

धाक होता तो मालविकाचा. तिने अजून क्षितिजचे शर्टसुद्धा कपाटातून काढले नव्हते. बाप मेलेल्या मुलाच्या नावाने दुसऱ्याच्या पोराला फसवतोय, हे तिला कळलं तर ती आयुष्यात आपलं तोंड बघणार नाही, अशी त्याची खात्री होती. आपल्याला शरम वाटते हे तो स्वतःशी कबूल करायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दार लावून बसायचा.

आता खेळाचा नवा भाग येणार होता. जुन्यातली माणसं भराभर उठून जात होती. अनुजही एक दिवस जाईल, अशी देवेंद्रला धास्ती होती. जगात एवढाच एक जण उरला होता, जो क्षितिजला हाक मारायचा आणि उत्तराची वाट बघायचा.

जेवताना किमतीचं बोलणं झालं त्या संध्याकाळी जरा उशिराच अनुजचा निरोप आला. "नवीन खेळ आत्ता घ्यायला नको ना. एवढी किंमत कशाची? थोडं थांबूया."

देवेंद्र घाबरला. तरण्या पोराचं थांबणं म्हणजे काय, तोवर त्याला दुसरे सोबती मिळणारच. "मी घेतोय," त्याने लिहिलं. "तू नाही घेतलास तर एकटा खेळेन."



"एकटा नको," मग अक्षरं उमटली. "मीही घेतो."

नवा भाग आला त्या दिवशी देवेंद्र कचेरीतून परस्पर लहरीपुऱ्यात धवलच्या दुकानी गेला. धवल क्षितिजच्या ओळखीचा. घरच्या सगळ्यांना ओळखायचा, बेसण्यालाही मान खाली घालून बसून गेला होता.

"काका, विकायला बसलोय तरी सांगतो," धवल त्याच्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाला. "नवी गेम फुल भावात घेऊ नये. अर्धी कच्चीच येते. नंतर सुधारते, अने भाव पण उतरतो."

"फुकट गेले तर माझे जातील."

"ठीक छे. कोणाच्या नावाची?"

पैसे बाप देतो आणि खेळतो मुलगा. म्हणून धवलकडे खेळणाऱ्याच्या नावाने डिस्क बाजूला काढून ठेवायची रीत होती. देवेंद्रने फोनवर नाव सांगितलं होतं. आता तेच तोंडावर सांगताना त्याचा घसा खरोखर बसला.

"क्षितिज."

धवलने वर पाहिलं. त्याने मुकाट्याने डिस्क काढून दिली. देवेंद्र पैसे चुकते करून पायरी उतरला.

"काका, ऊभा रहो!" धवल मागून ओरडला. "काकींची पण तुम्हीच घेऊन जा ने. त्यांनी अनुजच्या नावाने ठेवायला सांगितलीये."