कोण आलंय?

दारात उभ्या माणसाचं कपाळ थेट बाबांचं होतं. यशोधराला गलबलून आलं. वंशावळ जुळवण्याच्या नादात तिने डीएनए चाचणी केली आणि त्यातून हा सावत्र भाऊ सापडला होता. सावंतवाडीचा विश्राम. बाबांच्या तिथल्या नोकरीतला, लग्नाआधीचा मुलगा. तिनेच हौसेने त्याला घरी बोलावलं.

शेंगा सोलणाऱ्या म्हाताऱ्या आईने मान वर केली आणि तिचा चेहरा उतरला. "तू परत आलास?"

"परत?" यशोधरा चमकली.

"वडील आजारी असल्याचं कळलं, तेव्हा आलो होतो, ताई," विश्राम म्हणाला. "गणेशचतुर्थीच्या तोंडावर. पण ते आदल्याच दिवशी गेले, असं बाईंनी दारातच सांगितलं."

तो बाबांच्या फोटोला नमस्कार करायला आत आला. फोटोखाली मृत्यूची तारीख होती. ती वाचून त्याचे जोडलेले हात खाली आले.

"बाई, हे तर नोव्हेंबरात गेले. मी आलो तेव्हा कुठे होते?"

"आतल्या खोलीत," आई शेंगांकडे बघत म्हणाली. "जागे होते. कोण आलंय, म्हणून विचारत होते."