रिकामी प्लेट

“आधी ही बघा, साहेब. मग काय ती सही करा.”

तंत्रज्ञ बाईंनी प्लेट प्रमुख डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली, तीही नेमकी त्या पत्रावर. पत्र होतं बाळंतिणींच्या वॉर्डातल्या सिस्टरला कामावरून काढण्याचं. वॉर्डात दोन बाळांच्या बेंबीत पू झाला, म्हणून सगळ्यांच्या हातांचे नमुने प्लेटांवर लावून तपासायला घेतले. बाकीच्या सुटल्या. सिस्टरच्या प्लेटवर मात्र जंतूंच्या पिवळ्या ठिपक्यांची नुसती गर्दी. वीस वर्षांची नोकरी तळहाताएवढ्या बशीत बुडायची वेळ आली.

आता ही सिस्टर म्हणजे तंत्रज्ञ बाईंची थोरली जाऊ. एका घरात दोन चुली आणि दोघींमधून विस्तव जात नव्हता. त्यामुळे बाईंच्या हातात आयतं कोलीत आलं, असंच प्रयोगशाळेत सगळे धरून चालले होते. आणि बाई निघाल्या तिचीच वकिली करायला.

“कोणाचा नमुना आहे हा?” डॉक्टरांनी विचारलं.

“कोणाचाच नाही. रिकामी प्लेट आहे.”

ही पद्धत जुनी. रक्त मिसळलेलं आगर, म्हणजे जंतूंचं खाद्य, ओतून प्लेटा तयार झाल्या की त्यातली एक तशीच, काहीही न लावता, उबवणीच्या कपाटात ठेवायची. दुसऱ्या दिवशी ती कोरी निघाली तर बाकीच्या खुशाल वापरायच्या. डॉक्टरांनी आल्या आल्या ती पद्धत बंद केली. म्हणे नासाडी होते, म्हणे एक दिवस थांबायला वेळ कोणाला आहे. बाईंनी मान डोलावली आणि दर खेपेला एक प्लेट मागच्या कोपऱ्यात सरकवत राहिल्या. हुकूम गेला खड्ड्यात.

आज ती रिकामी प्लेट त्याच पिवळ्या ठिपक्यांनी भरली होती.

“बाकीच्यांचे नमुने प्लेटांच्या जुन्या खेपेवर लावले,” बाई म्हणाल्या. “जाऊबाई रजेवर होत्या, म्हणून त्यांचा दुसऱ्या दिवशी, या नव्या खेपेवर लागला. ही सगळी खेपच नासलेली आहे. त्यांचे हात परत तपासा.”

डॉक्टरांनी दार लोटून घेतलं. “हे बघा, वर रिपोर्ट गेलाय. आता आमचीच प्लेट खराब होती म्हणून सांगायचं? शोभा होईल. तुम्ही माझा हुकूम मोडलात ते मी विसरतो, तुम्ही ही प्लेट विसरा.”

“नाही विसरत.”

“तुमचं तिच्याशी पटत तरी कुठे?”

“नाहीच पटत. तोंड वाकडं करूनच बोलतात माझ्याशी. म्हणून त्यांचे हात घाण होत नाहीत.”

प्लेट उचलायला डॉक्टरांचा हात पुढे आला. बाईंनी त्याआधी तिच्यावर आपला पंजा ठेवला. शेवटी डॉक्टर खुर्चीत मागे रेलले. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

“ठीक आहे. मग एकच सांगतो. ज्याने ही खेप नासवली, त्याला मी एक दिवस ठेवणार नाही. कोणी ओतल्या या प्लेटा?”

“मी. पडसं झालं होतं, श्वास कोंडायला लागला म्हणून मास्क नाकाखाली ओढला होता,” बाई म्हणाल्या. “पत्र फाडू नका, साहेब. नाव तेवढं बदला.”