पिवळी फिल्म

वडिलांची जुनी गाडी विकायची नाही, यावर दोघा भावंडांचं एकमत झालं. जन्मात पहिल्यांदाच झालं असावं.

धुक्याचे दिवस जवळ आले की वडील गाडीच्या पुढच्या दिव्यांना घरीच पिवळी फिल्म लावायचे. यंदा दोघांनी ते काम अंगावर घेतलं. भर दुपारी, अंगणात. भावाने काचेवर साबणाचं पाणी फवारलं, बहिणीने फिल्म ताणून बसवली.

"बाबा असते तर ओरडले असते," ती हसत म्हणाली. "घाई करू नका, हवेला वाट द्या!"

भाऊ बादलीत फडकं पिळत राहिला.

फिल्मखाली मधोमध एक बुडबुडा राहून गेला होता. तिने पाहिलं, तर तो कडेकडे सरकत होता. थोडा थांबून, पुन्हा थोडा. कुणी जपून दाबत न्यावा तसा.

"दादा, तू दाबतोयस का?"

"मी? माझे दोन्ही हात बादलीत आहेत."

बुडबुडा कडेपर्यंत गेला आणि विरला. दोघंही बघतच राहिले.

दुसऱ्या दिव्यावरही तसाच एक बुडबुडा होता. लहानपणी बाबांकडून तिला एवढंच काम मिळायचं, बुडबुडा अंगठ्याने कडेला न्यायचं. आता तिने धीर करून त्यावर अंगठा ठेवला. काच थंडगार होती.

मग तिच्या अंगठ्यावर वरून काहीतरी उबदार, खरखरीत टेकलं आणि तिचा अंगठा हळूहळू कडेकडे न्यायला लागलं.