कोर्बिनिआनच्या हाताची चव

“कडू आहे,” अल्बान म्हणाला आणि ग्लास खाली ठेवला. रिकामा करून ठेवला, पण चेहरा कडूच होता.

झेन्झीने मान हलवली. नवरा गेल्यानंतर तिने एकटीने केलेली ही गव्हाच्या बिअरची पहिली खेप. चव घ्यायला दिराला तिनेच बोलावलं होतं.

“कोर्बिनिआनची अशी नसायची,” अल्बान म्हणाला. “आधी केळ्याचा वास, मग जराशी लवंग, आणि अगदी शेवटी हॉप्स हळूच दार लोटून घ्यायचे. तुझे हॉप्स दार आपटतात.”

“बरं,” झेन्झी म्हणाली.

हॉप्सच्या कडू बोंडांची तोडणी संपता संपता कोर्बिनिआन शेतातच कोसळला, तेव्हापासून ती बरं म्हणत होती. पाद्रीबाबांना बरं, शवपेटीवाल्याला बरं. रडू आलं नव्हतं. गावातले म्हणत, येईल हळूहळू. ती म्हणे, बरं.

“आणि हंड्याचं स्पष्टच बोलतो,” अल्बान पुढे झुकला. “बिअर उकळायचा तांब्याचा हंडा आमच्या आजोबांचा. ज्याच्या हाताला चव, त्याच्याकडे हंडा, असं आमच्या घरात चालत आलंय. संत कोर्बिनिआनच्या दिवशी दरवर्षीसारखे आम्ही येऊच. नाव त्याचं, सण त्याचा. तो नसला म्हणून काय झालं? बिअर त्याच्यासारखी उतरली तर हंडा तुझा. नाही तर मी नेतो. वाईट वाटून घेऊ नकोस.”

“वाटत नाही,” झेन्झी म्हणाली. हल्ली वाटत काहीच नव्हतं. फक्त सकाळी उठून करण्यासारखं एकच काम घरात उरलं होतं, ते म्हणजे तो हंडा घासणं. तोही गेला तर उठायचं कशाला, हे तिला समजत नव्हतं.

दुसऱ्या खेपेला शेजारची रोझल मदतीला आली. हंड्यात मोड आणलेल्या गव्हाचं, माल्टचं पाणी उकळत होतं आणि झेन्झी हॉप्सची सुकी बोंडं मुठीत घेऊन नुसती उभी होती.

“टाक की! किती टाकायचा तो?”

“मूठभर, म्हणायचा.”

“कुणाची मूठ? त्याची की तुझी? त्याच्या मुठीत माझं मांजर मावायचं.”

झेन्झीने आपल्या मुठीकडे पाहिलं. “मग माझी कमी पडायला हवी होती. अल्बान तर कडू म्हणाला.”

“अल्बानला लग्नाचा केकसुद्धा कडू लागला होता. आणि खरं सांगू, तुझा नवराही विचित्रच. गावभर हॉप्सचे मळे, हा स्वतः हॉप्सवाला, आणि घरच्या बिअरमध्ये घालायचा हात आखडून. मिठागराच्या मालकाने अळणी जेवावं, तसं.”

“गव्हाला जास्त सोसत नाही, म्हणायचा.”

झेन्झीने अर्धी मूठ परत पिशवीत टाकली.

ती खेप चाखून अल्बानने ग्लास दूर सारला. मग म्हणाला, “गोडमिट्ट. हॉप्स घरात आलेच नाहीत, रस्त्यावरूनच हात करून गेले. ही बाळाच्या बाटलीत भरून द्यावी.”

“बरं.”

तिसऱ्या खेपेला तिने मधलं माप धरलं. बाटल्या भरल्या, गार तळघरात ठेवल्या, आणि पुरेसे दिवस गेल्यावर एक उघडली. घोट तोंडात धरून ती खिडकीबाहेर बघत राहिली.

“कशी आहे?” रोझलने विचारलं.

“ओली आहे.”

“अगं, चव!”

“मला कळत नाही. तू सांग.”

रोझल प्यायली. “मला तर छान लागते. पण माझं काय, मला इस्पितळातलं सूपही छान लागलं होतं.”

संत कोर्बिनिआनच्या दिवशी चर्चमधून मंडळी थेट झेन्झीकडे आली. अल्बान, नेपोमुक सुतार, आणि कोर्बिनिआनच्या टेबलावर कायम बसणारे दोघे म्हातारे. पांढरे सॉसेज दुपारची घंटा व्हायच्या आत संपवायचे असतात, म्हणून सगळे लगबगीने बसले. झेन्झी तळघरातून बिअर घेऊन आली. बाटली टेबलावर आडवी लोळवून तळाचं यीस्ट तिने वर आणलं, उंच ग्लास तिरपे धरून भरले. स्वतः मात्र बसली नाही. भिंतीला टेकून उभी राहिली.

नेपोमुकने मोठा घोट घेतला. “अरे वा, ही तर...” म्हणाला, आणि अल्बानकडे बघून थांबला.

अल्बानने डोळे मिटले होते. सगळे त्याचं तोंड बघत बसले.

“पहिल्या घोटाला माणूस फसेल,” अखेर तो म्हणाला. “पण नाही. शेवटी कडवटपणा रेंगाळतो. माझ्या भावाने असली बाटली पाहुण्यांपुढे ठेवली नसती.”

“आता तू म्हणतोस तर... हो, रेंगाळतो,” नेपोमुक म्हणाला.

“केळंही कमीच आहे,” एक म्हातारा म्हणाला.

दुसऱ्याला ऐकू कमी यायचं. त्याने ग्लास पुढे केला. “कोर्बिनिआनलाच जमायचं बाबा ते!”

मग त्यांनी सगळ्या बाटल्या संपवल्या.

हंडा गोधडीत गुंडाळून चौघांनी गाडीत चढवला. निघताना अल्बानने झेन्झीच्या खांद्यावर हात ठेवला. आज त्याचा आवाज मऊ होता. “तशी वाईट नव्हती गं. आणखी काही वर्षं करत राहिलीस, तर त्याच्या जवळपास पोचशील.”

गाडी वळणाआड गेली. रोझल मागच्या दाराने आली, बटाटे आणायला तळघरात उतरली, आणि रिकाम्याच हाताने वर आली.

“झेन्झी, तुझी तिसरी खेप खाली जशीच्या तशी आहे. आपण चाखली ती सोडली, तर एक बाटली हललेली नाही.”

“हो.”

“मग ते प्यायले काय?”

झेन्झी ग्लास विसळत होती.

“तोडणीच्या आधी कोर्बिनिआनने भरून ठेवलेल्या,” ती म्हणाली. “शेवटच्या.”