कौतिकआबांचा हुंकार

"ज्यांना हे मान्य आहे, त्यांनी हुंकार द्यावा," पडद्यावरच्या अध्यक्षबाई इंग्रजीत म्हणाल्या.

दूरदेशीच्या त्या सभागृहातून एक लांबलचक गुणगुण उठली आणि बुऱ्हाणपूरच्या इतवारा बाजारातल्या माडीवरच्या छोट्या ऑफिसात पसरली. वैशालीच्या टेबलावरचं ग्लासातलं पाणी थरथरलं, किंवा तिला तसं वाटलं. मागे बाकड्यावर तिचे वडील कौतिकआबा डोळे मिटून पडले होते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब घातले होते आणि तासभर डोळे उघडायचे नाहीत अशी तंबी दिली होती. तुकईथड गावचा हा माणूस केळीच्या पाण्याची पाळी आणि डॉक्टरची तंबी कधी मोडत नसे.

इंटरनेटचे पत्ते, म्हणजे प्रत्येक जोडणीला लागणारे ओळखीचे आकडे, कोणाला किती द्यायचे, हे ठरवणारी ती सभा. जगातल्या कोणालाही तिथे येऊन बोलता येई. हात मोजायचे नाहीत, अशी तिथली रीत. मान्य असेल त्यांनी आधी ओठ मिटून हुंकार द्यायचा, नसेल त्यांनी नंतर. हरकत एकट्याची असली तरी तिला उत्तर दिल्याशिवाय ठराव पुढे सरकत नाही. गप्प बसला त्याला मात्र मान्य आहे असं धरतात. आपल्याकडे लग्नाच्या बैठकीत मुलीचं धरतात, तसंच.

आजचा ठराव असा होता: जुन्या धर्तीचे पत्ते थोडेच उरलेत, ते यापुढे पाच हजारांच्या वर ग्राहक असतील त्यांनाच द्यावेत. वैशाली तापीपलीकडच्या जैनाबादच्या तीनशे चाळीस घरांना इंटरनेट पुरवत होती. स्वतःचे पत्ते मिळावेत म्हणून तिने दोन वर्षं कागद जमवले होते. ठराव झाला की कायमचे मोठ्या कंपनीचे पत्ते मागून घ्यायचे, आणि कंपनीची मर्जी फिरली की सगळं जैनाबाद बंद. तिला राग येत होता, आणि खरं सांगायचं तर रडूही येत होतं.

"आता ज्यांना मान्य नाही, त्यांनी."

तिने माइक चालू केला. ओठ मिटले. आवाज काही फुटेना. पडद्यावर शंभरेक चौकटी, प्रत्येकीत एक शहाणं माणूस. दुपारचं ऊन फरशीवरून हळूहळू सरकत होतं. खालचा बाजारही कुठेतरी लांब गेला होता. वैशालीला वाटलं, आपण तापीच्या तळाशी बसलोय आणि वर काठावरून कोणीतरी हाक मारतंय.

बाई थांबल्या होत्या. सांगणारा थांबला की ऐकणाऱ्याने काय करायचं, हे कौतिकआबांना कोणी शिकवायला नको होतं. तुकईथडला कोणी गोष्ट सांगायला बसलं की हुंकार द्यायला आबाच लागत. झोपेतही त्यांचा हुंकार चुकत नाही, अशी ख्याती. हुंकार आला नाही तर सांगणारा उठून जातो आणि गोष्ट तिथेच राहते.

"हूं," आबा म्हणाले.

माइक चालूच होता. पडद्यावर वैशालीची चौकट मोठी झाली.

"बुऱ्हाणपूर," बाईंनी चष्मा सावरून नाव जपून वाचलं. "ही हरकत आहे, की नुसता आवाज?"

माफ करा, नुसता आवाज. एवढंच म्हणायचं होतं. वाक्य जिभेवर तयारही होतं. तिने मागे पाहिलं. आबांच्या मिटल्या पापण्यांतून थेंबांचं पाणी गालावर ओघळलं होतं, आणि कान पुढचं ऐकायला टवकारलेले होते.

"हरकत आहे," वैशाली म्हणाली.

"मग कारण सांगा. आम्ही ऐकतोय."

तिने माइक बंद केला.

"काय व माय, थांबली काय ती बाई?" आबांनी विचारलं.

"आबा, आता मला सांगायचंय. सगळे मोठे मोठे लोक ऐकून राहिले. मला नाही जमणार."

"मंग सांग ना. मी हाये ना हुंकार द्याले."

तिने माइक पुन्हा चालू केला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगू लागली. पुलावरून स्वतः ओढून नेलेली वायर सांगितली. तीनशे चाळीस घरांची नावं तोंडपाठ आहेत, हे सांगितलं. मग अडली.

"हूं."

पुराने पूल बंद झाला, तेव्हा जैनाबादच्या आशाबाईंच्या बाळंतीण सुनेला डॉक्टर दिसला तो याच वायरीतून, हे सांगितलं. पुन्हा अडली.

"हूं," आबा म्हणाले. इंग्रजीतलं त्यांना एक अक्षर कळत नव्हतं.

"आम्ही लहान आहोत," वैशाली म्हणाली, "पण आम्हाला आमच्या नावाचा पत्ता हवा." आणि थांबली.

आबांचा हुंकार आला. त्याच्या पाठोपाठ, लांबच्या त्या सभागृहात, मागच्या रांगेतून एक बारीक हुंकार उठला. मग दुसऱ्या बाजूने एक. मग केळफुलावर मधमाश्या जमाव्यात तशी ती गुणगुण वाढत गेली.

बाईंनी अजून कोणाला विचारलंच नव्हतं.