सोळा टीमची यादी

“सतरावी,” ललित म्हणाला. “राहणार सोळा. म्हणजे सतरावी गेली. यात न कळण्यासारखं काय आहे, मॅडम?”

समोर दीपमाला बसली होती. येवल्याहून पहाटेची एसटी पकडून ती हे ऐकायला नाशिकला आली होती. फुटबॉलची टीम चालवायच्या एका ऑनलाइन गेममध्ये या मंडळींची चोवीस टीमची लीग होती. खेळाडू खोटे, मैदान खोटं. मालकाने अकरा जण निवडायचे, डावपेच ठरवायचे आणि मॅच गेमने खेळवायची. आता लीग सोळाची होणार होती. बाकीच्या आठ टीम मोडून त्यांचे खेळाडू वाटून टाकायचं ठरलं होतं. दीपमालाने तीन वर्षं एकेक पोरगा पारखून टीम बांधली होती. हातमागावरून उठली की ती आधी त्यांच्याकडे बघायची.

कोण राहणार आणि कोण मोडणार, हे ललितची यादी ठरवणार होती.

ललित नाशिकमधल्याच अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी तपासायला होता. आठवडाभर लोकांनी बनवलेला माल नापास करून त्याचं समाधान होत नसे, म्हणून रविवारी तो टीम नापास करायचा. साध्या गुणतक्त्यावर त्याचा विश्वास नव्हता. जिंकली म्हणजे चांगली, हे त्याच्या मते अडाण्यांचं गणित. समोरची टीम किती तगडी, मॅच घरच्या मैदानावर की बाहेर, गोल कष्टाचा की नशिबाचा, असल्या तेवीस गोष्टी तो गुणायचा, भागायचा आणि तीन दशांशांपर्यंत प्रत्येक टीमची लायकी काढायचा. लायकी हा त्याचाच शब्द. यादीत शेरेही असत. दीपमालाच्या टीमपुढे या वेळी लिहिलं होतं, ‘पैठणी विणावी.’ त्याची स्वतःची टीम पाचवी होती. तिच्यापुढे ‘डावपेचांचा नमुना’ असा शेरा होता. तोही त्यानेच दिलेला.

लीग चालवणाऱ्या योगेशच्या गॅरेजवरच्या खोलीत नऊ-दहा मालक मिसळ खात बसले होते. दीपमालाच्या नजरेला कुणी नजर देत नव्हतं. तिचा गोलकीपर त्यांतल्या बऱ्याच जणांना हवा होता.

“यादीबद्दल नाय बोलत मी,” दीपमाला म्हणाली. “एकच विचारते. मालक आठवडाभर फिरकला नाय, तर गेम स्वतःच अकरा जण निवडतो, स्वतःच डावपेच ठरवतो. अशी टीम तुम्ही यादीत धरता का?”

ललितला हसू आलं. “मालक घोरतोय आणि मशीन खेळतंय, ती टीम धरू? पाच मॅच तसं झालं की बाद. नियम मीच घातलाय. वाचत जा जरा.”

“मग तुमच्या टीमच्या चौदा मॅच तशा झाल्यात, भाऊ.”

तिने मोबाइल पुढे केला. चौदाही मॅचच्या अहवालात मालकाच्या नावाच्या जागी ‘संगणक’ असं लिहिलं होतं. बाकीचे लोक अहवालातले गोल तेवढे बघत. ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची. दिवसभर धागे मोजणाऱ्या बाईला ही सवयच असते.

झालं असं होतं की फेब्रुवारीत ललितने यादीसाठी नवं सूत्र काढलं. त्या नादात तो चोवीस टीमचे आकडे एका फाइलीत उतरवून घ्यायचा आणि दिवसभर तीच चिवडत बसायचा. त्या फाइलीत मालकाचं नाव येत नसे. स्वतःच्या टीमचं पान उघडायला त्याला सवडच झाली नाही. टीम वर चढतेय एवढं त्याला दिसत होतं आणि ती आपल्याच हुशारीने चढतेय, याबद्दल त्याला एकदाही शंका आली नाही. असल्या माणसांना ती येत नसते.

“फेब्रुवारीत कितवी होती हो?” कुणीतरी विचारलं.

योगेशने जुनी यादी उघडली. “एकोणिसावी.”

खोलीत जो हशा उठला तो बराच वेळ थांबेना. भाऊने हात काढून घेतला आणि टीम सुधारली, असं जो तो दुसऱ्याला सांगत होता. ज्यांना ललितने वर्षभर शेरे मारले होते, ते तर पोट धरून हसत होते.

योगेशला त्याची दया आली. शिवाय गोलकीपर त्यालाही हवा होता. “ललितभाऊ, यादीतच काहीतरी गडबड असणार,” तो म्हणाला. “तुम्ही फक्त म्हणा, यादी चुकली. आपण साध्या गुणतक्त्यावर जाऊ. त्यात तुम्ही अकरावे आहात. विषय संपला.”

गुणतक्त्यात दीपमाला अठरावी होती. सगळ्यांनी माना डोलावल्या. तिने मोबाइल पर्समध्ये ठेवला. जी यादी तिला पैठणी विणायला सांगत होती, तिच्याशिवाय आता तिला कुणाचा आधार नव्हता आणि ती यादी मोडीत काढायला ललितला दोन शब्द पुरे होते.

ललितने आपला लॅपटॉप पुढे ओढला. त्याने सगळे आकडे वरपासून खालपर्यंत पुन्हा तपासले. मिसळ थंड झाली. कुणी घाई केली नाही, कारण तो काय म्हणणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं.

मग त्याने स्वतःच्या टीमची ओळ निवडली आणि पुसून टाकली. खालच्या टीम एकेक घर वर सरकल्या. दीपमाला सोळावी झाली.

“अहो, काय करताय!” योगेश ओरडला. “यादी चुकली असेल!”

कुणी आईवरून शिवी दिल्यासारखा ललित उसळला.

“यादी चुकलेली नाही,” तो म्हणाला. “चूक टीममध्ये होती, फेब्रुवारीपर्यंत. ती चूक मी होतो.”