कपडे वाळतायत

"काका, परत तीच गॅलरी?"

जितेशने फोटो टेबलावर टाकला. वर्गातली पोरं आधीच हसायला लागली होती. गेले दोन महिने दर रविवारी हेच चाललं होतं.

जितेशचा बोळिंजला फोटो स्टुडिओ होता. आठवडाभर पासपोर्टचे चेहरे आणि लग्नांतले हार टिपून तो वैतागायचा. म्हणून रविवारी सकाळी शाळेच्या एका खोलीत तो फोटोग्राफीचा वर्ग घ्यायचा. त्याचं सांगणं एकच असे : रोजच्या साध्या गोष्टीत अर्थ शोधा. पोरं शोधायची. कुणी राजोडीच्या किनाऱ्यावरची उलटी होडी आणायचं, कुणी नळाखालची रिकामी बादली.

वर्गातले एकटेच म्हातारे, काका, मात्र एकच आणायचे. कुठल्याशा इमारतीची मागची गॅलरी, खालून काढलेली. दोरीवर कधी टॉवेल, कधी चादर, कधी लहान मुलीचा फ्रॉक. सगळं करडं, आणि तेही किंचित हललेलं.

"यात अर्थ काय आहे, काका?"

"अर्थ कसला, सर? कपडे वाळतायत."

नाव विचारलं तेव्हाही तसंच. "काकाच म्हणा, सगळे तेच म्हणतात." राहता कुठे? "इथंच, जवळ."

एकदा त्यांना समजावं म्हणून जितेशने स्वतःच्या लग्नाचा फोटो वर्गात आणला. रजिस्ट्रारच्या कचेरीत तो आणि उन्नती, मागे मित्र, आणि उन्नतीच्या शेजारी एक रिकामी खुर्ची. तिच्या माहेरचं कुणी आलं नव्हतं. "ही खुर्ची काय सांगते, बघा." सगळे बघत होते. काका नेमके तेव्हाच पाणी प्यायला गेले, ते तास संपल्यावर उगवले.

अशा माणसाला शिकवायचं तरी कसं?

आज जितेशचा संयम सुटला. "विषय काय दिला होता? वाट पाहणं! आणि तुम्ही कपड्यांची दोरी आणता? उगाच रोल फुकट घालवताय."

"मला दुसरं काही काढायचंच नाही, सर."

"मग पुढच्या रविवारपासून येऊ नका."

काकांनी कॅमेरा गळ्यात अडकवला. दारापाशी थांबून म्हणाले, "शिकवता मात्र जीव तोडून. माणूस चांगले आहात हो तुम्ही."

त्यामुळे जितेश अधिकच चिडला. वर्ग कसाबसा आटोपून तो घरी आला आणि काकांच्या फोटोंचा गठ्ठा त्याने ओट्यावर आपटला. उन्नती पोळ्या लाटत होती.

"बघ, काय डोकं उठवतात लोक माझं!"

तिने हात पुसले. एक फोटो पाहिला, दुसरा पाहिला.

"हा आपल्या राधिकाचा फ्रॉक आहे."

"काहीतरीच. असे फ्रॉक काय, गल्लोगल्ली असतात."

"मी शिवलाय, मला कळणार नाही? जितेश, ही आपलीच गॅलरी आहे. मागच्या पायवाटेवरून काढलीय."

जितेशने गठ्ठा ओढून घेतला. पाच वर्षं तो या घरात राहत होता, पण इमारतीच्या मागे कधी गेला नव्हता.

"म्हणजे दोन महिने तो म्हातारा आपल्या घरावर नजर ठेवून होता? मी पोलिसांतच जातो!"

"कसा दिसतो?" उन्नतीने विचारलं.

"उंच. वाळलेला. खोटंखोटं हसतो, आणि विचारलं त्याचं धड उत्तर देत नाही."

तिने गॅस बंद केला आणि मागच्या गॅलरीत गेली. जितेशही तिच्यामागे धावला. खाली केळीच्या वाडीलगत, सायकलला टेकून तोच माणूस उभा होता. कॅमेरा डोळ्याला लावलेला.

"ए! काय चाललंय काय तिथे?" जितेश ओरडला.

उन्नतीने त्याच्या तोंडावर हात ठेवला. मग कठड्यावरून ती खाली वाकली.

"बाबा," ती म्हणाली, "जेवायला वर या."